रशियाच्या बाबाची पोथी

माझ्या थोरल्या बहिणीच्या, आमच्या अक्काच्या सासरी, अकोल्याला, एक काळ असा होता की दुपारी कुणी दार वाजवलं तर घरातल्या बायका लगेच उठत नसत. आधी एकमेकींकडे बघत. मग कुणीतरी म्हणे, "जाय वो, पाह्य कोन हाये," आणि तरीही जागची कुणी हलत नसे. मी स्वतः बाहेर उन्हात ताटकळलो आहे. दारावर थाप मारायला मला आजही नको वाटतं. मी लांबूनच खाकरतो. लोक हसतात, हसू देत. याला कारण एक गोष्ट लिहिणारा माणूस. तो वऱ्हाडात कधी आला नाही, आणि असा मुलूख पृथ्वीवर आहे हेही त्याला ठाऊक नसावं.

तेव्हा मी अमरावतीला एका परदेशी साहेबाकडे कापसाच्या वजनकाट्यावर कारकून होतो. आमचं घर माळ्याचं. बाप वांगी-मेथी पिकवायचा आणि ती भाजी साहेबाच्या बंगल्यावर पोचवता पोचवता मी तिथेच चिकटलो. बाळबोध लिहिता येत होतं, हिंदुस्थानी बोलता येत होतं, एवढ्यावर माझी गणना शहाण्यांत झाली. तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली होती आणि आमच्या काळ्या जमिनीतल्या कापसाच्या बोंडांना कुणी कधी ऐकला नव्हता असा भाव आला होता. सकाळी बाजाराच्या तोंडाशी उभी राहिलेली गाडी दुपारीही तिथेच उभी असे. कालपर्यंत ज्याला कुणी विचारत नव्हतं त्याच्या बैलांच्या शिंगांना पितळी टोपणं चढली, आणि मालक बैलांपेक्षा ताठ चालू लागले. तंतू उडून उडून सारं गाव शिंकत होतं.

साहेब रशियाच्या राज्यातला, समुद्राकाठच्या कुठल्याशा गावचा. माणूस कोरडा. कापसाचा नमुना बोटांत धरून ओढायचा, नाक मुरडायचा, आणि मान हलवायचा. एवढंच त्याचं बोलणं. पण त्याची म्हातारी आई त्याला टपालानं एक मासिक धाडत असे. ते आलं की त्या दिवशी त्याचं बाजारात लक्ष नसायचं. एकदा मी हिशेब दाखवायला गेलो तर हा गडी मासिक मांडीवर ठेवून रडत होता. मी परत फिरणार, तोच त्यानं मला बसवून घेतलं. बंगल्यात दुसरं बोलायला होतं कोण? त्या दिवसापासून बाजार उठला की तो ओसरीवर बसून मला ती गोष्ट हिंदुस्थानीत सांगू लागला.

लिहिणारा जिवंत होता, याचंच मला पहिलं नवल. आमच्याकडे गोष्टी लिहिणारे सगळे केव्हाच वैकुंठाला गेलेले. साहेब म्हणाला, तसं नाही, तो आत्ता लिहितो आहे, दर महिन्याला थोडं थोडं, आणि पुढे काय होणार हे कदाचित त्यालाही माहीत नसेल. त्याच्या मुलखात म्हणे मोठे मोठे लोक त्याच्यावरून जेवणाच्या पंगतीत भांडतात. कुणी म्हणतं, याच्यासारखा झाला नाही. कुणी म्हणतं, याला चौकात फटके द्या. सरकारी माणसं त्याची पानं आधी वाचून नको ते कापतात. मी विचारलं, "मग तो मोठा आहे की वाईट आहे?" साहेब म्हणाला, "लोक त्याची वाट बघतात. बाकी मला माहीत नाही."

गोष्ट साधी होती. तिकडच्या एका खेड्यातल्या तरण्या गड्याला फौजेसाठी धरून नेतात. तिकडे फौजेत गेलेला माणूस आयुष्य संपता संपता सुटतो, म्हणून गावाची रीत अशी की जाणाऱ्याला त्याच्याच घरात मधोमध बसवायचं आणि मेला म्हणून त्याच्यावर रडून घ्यायचं. तो बसून आपल्या नावाचा आक्रोश ऐकतो. सगळ्या बायका रडतात, एक त्याची बायको रडत नाही. ती म्हणते, समोर बसलेल्या माणसावर कशी रडू? गाव तिला नावं ठेवतं. तो जातो. ती राहते. पुढचे महिनोन् महिने ती फक्त राहते, आणि त्या लिहिणाऱ्यानं त्या राहण्यातच असं काही लिहिलं होतं की मी काट्यावर बसून वजनं विसरायला लागलो.

त्या मुलखात आभाळातून पांढरं पडतं, हे मला काही केल्या कळेना. शेवटी साहेबानं मला गोदामात नेलं आणि पिंजलेल्या कापसाच्या ढिगाकडे बोट दाखवलं. असं, म्हणाला, घरांवर, झाडांवर, मेलेल्यांवर. आणि ऊब लागली की त्याचं पाणी होतं. मी तसंच लिहून घेतलं. कापूस पडतो, कापूस विरघळतो.

साहेबाचं एक गोदाम अकोल्यालाही होतं आणि माझी तिकडे ये-जा असे. मोर्णा नदीपलीकडे अक्काचं सासर. तिचे यजमान, म्हणजे माझे भाटवे, या कापसाच्या धुमाळीच्या कितीतरी आधी मुंबईच्या वाटेला गाड्या घेऊन गेलेले. अजिंठ्याच्या घाटाखाली एका पहाटे त्यांचा बैल सुटला. ते त्याला शोधायला झाडीत शिरले. बैल परत आला, ते आले नाहीत. सोबतचे गाडीवान दोन दिवस हाका मारत राहिले आणि मग निघून आले. त्यांचा तरी काय दोष? अक्का तेव्हा कोवळी होती. मूलबाळ नाही. तिनं ना कपाळ पुसलं, ना कुणाला पुसू दिलं. सासरच्यांनी तिला कधी हाकललं नाही, हे सांगितलं पाहिजे. मोठा दीर तिच्या पाठीशी उभा राहिला. रीतीप्रमाणे ती त्याच्याशी बोलत नसे. काही सांगायचं तर तिसऱ्याला सांगायची, आणि तिसरं कुणी नसेल तर चुलीला.

तर अशा घरात मी ही गोष्ट नेली. दुपारी ओसरीवर आठ-दहा जणी रेच्यावर, म्हणजे हातानं फिरवायच्या चरकावर, कापसातली सरकी काढायला बसत. सरकी एका अंगाला, रुई एका अंगाला, आणि तोंडं मोकळी. मी सहज सुरुवात केली. रडण्याच्या रिवाजापाशी आलो तेव्हा एकेक रेचा थांबत गेला. अक्काचा शेवटी थांबला. तिनं विचारलं, "हे कोनी सांगलं त्याले?"

"कोणाला?"

"लिवनाऱ्याले. माहं कोनी सांगलं?"

मी म्हणालो, अगं, तो हजारो कोसांवर आहे.  पुढच्या खेपेला मी गेलो तेव्हा ओसरी भरलेली होती, त्याच्या पुढच्या खेपेला अंगण. मग बाप्ये आले. आधी कुंपणाशी उभे राहून ऐकायचे, म्हणजे आपण ऐकत नाही असं दाखवता येतं. नंतर निर्लज्जपणे आत येऊन बसायला लागले. आभाळातून कापूस पडतो आणि लोक तो झाडून फेकतात, हे ऐकून एका बागायतदाराला इतकं वाईट वाटलं की तो म्हणाला, "मंग आपल्या कापसाच्या भावाचं कसं?" तेवढाच काय तो हसण्याचा भाग. अमरावतीच्या बाजारात गाडीवान मला थांबवून विचारत, "बाईचं काय झालं?" कोणती बाई हे सांगावं लागत नसे.

श्रावण लागला. अक्काच्या घरी दरसाल दुपारची पोथी लागायची. त्या साली मी माझे कागद घेऊन ओसरीवर बसलो, तर शेजारच्या एका म्हातारीनं चौरंग आणून पुढ्यात ठेवला, कागद उचलून त्यावर ठेवले, हळद-कुंकू वाहिलं, फूल ठेवलं आणि हात जोडले. सवयीनं हो, दुसरं काही नाही. पण एकदा कुंकू लागलं की ती पोथी झाली. पोथी लावली की तिची समाप्ती करावी लागते. अर्धी पोथी घरात ठेवणं वाईट, आणि ती उघडी असेपर्यंत घरानं आपण होऊन कुणाचं सुतक ओढवून घ्यायचं नाही, हे आमच्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. मी म्हणालो, अरे, ही परक्या मुलखातली गोष्ट, यात देव नाही, ऋषी नाही. पोथीला आलेल्या ग्रामजोश्यांनी चौरंगाकडे बघितलं. मग म्हणाले, "कुंकू पडलं आता." विषय संपला.

पोथी झाली म्हणजे लिहिणाराही बाबा झाला. रशियाचे बाबा. ते काय खातात, लग्न झालंय का, त्यांच्या अंगात येतं का, मला विचारत. मासिकात त्याची तसबीर छापून आली होती: दाढी, मोठं कपाळ, डोळ्यांखाली काळं. साहेबाकडून ती मागून मी अकोल्याला दाखवली, तर बायांनी दृष्ट काढल्यासारखी तिच्यावरून बोटं मोडली. बार्शीटाकळीहून एक बाई पोराचा ताप उतरावा म्हणून नारळ घेऊन आली. मी हे साहेबाला सांगितलं तेव्हा तो पोट धरून हसला, आणि मग एकदम हसायचा थांबला. म्हणाला, "तिकडे त्याला शिव्या देतात, इकडे नारळ देतात. पण असं वाचत तिकडेही कुणी नाही." मला मात्र त्या नारळाची भीती वाटली. माणसाच्या लिहिण्यावर लोकांनी इतका जीव टाकू नये असं मला तेव्हा वाटलं, आणि अजूनही वाटतं.

मग अमेरिकेतली लढाई संपली. भाव असा कोसळला की ताठ माणसं महिन्याभरात वाकली. साहेबाच्या पेढीनं गाशा गुंडाळायला सांगितलं. जाण्याआधी आलेलं शेवटचं मासिक त्यानं मला उभ्याउभ्याच सांगितलं, मागे नोकर पेट्या बांधत होते. त्यात एवढंच होतं: थंडीचे दिवस. बाई एकटी. ती म्हातारपणाकडे झुकली आहे. बाहेर पांढरं पडतं आहे. दारावर थाप पडते. ती उठते आणि कडीला हात लावते. पुढचं पुढच्या महिन्यात.

साहेब गेला. मासिकं त्याच्या मागे जिकडे गेली असतील तिकडे गेली. मी डाकघरात किती खेटे घातले. तिथला माणूस मला बघितल्याबरोबर मान हलवायचा. आणि इकडे अख्खा अकोला त्या दारापाशी येऊन उभा राहिला.

थाप कुणाची, यावरून नुसता वाद. कुणी म्हणे नवरा. कुणी म्हणे फौजेतला शिपाई, मेल्याची खबर घेऊन आलेला. पण म्हाताऱ्यांचं म्हणणं वेगळं होतं. ज्याच्यावर गावानं जिवंतपणी रडून घेतलं तो परत आला तरी माणूस म्हणून येत नाही. हे बोलणं पसरलं तशा बायका दाराला बिचकू लागल्या. अक्काचं उलट. तिनं आतून कडी लावणंच सोडलं. दार लोटलेलं, आणि ती त्याच्याकडे तोंड करून रेच्यावर सरकी काढत बसलेली. मी समोर बसलो तरी तिची नजर माझ्या खांद्यावरून दाराकडे जायची. मला तिची काळजी वाटत होती आणि खरं सांगायचं तर तिच्याजवळ बसायची धास्तीही वाटत होती.

त्याच साली भाटव्यांना जाऊन बारा वर्षं भरली. बारा वर्षं पत्ता नाही तर माणूस मेला धरतात. पळसाच्या पानांचा बाहुला करून त्याला अग्नी देतात, आणि मग त्याची बायको विधवा. दिराची पोर लग्नाला आली होती. सोयरीक घेऊन येणारे अंगणातूनच विचारत, की घरातला मेलेला मोकळा केला का? नाही म्हटलं की पाणी पिऊन निघून जात. दीर वाईट माणूस नव्हता, पण बापही होता. त्यानं जोश्यांना बोलावलं. जोशी म्हणाले, विधी करू, पण घरात पोथी उघडी आहे. आधी समाप्ती. म्हणजे अक्काचं कुंकू आता एका परदेशी माणसाच्या न आलेल्या पानावर टिकून होतं, आणि हे तिला सगळ्यांच्या आधी कळलं होतं.

दीर माझ्याकडे आला. "पाव्हने, तुमीच काहून नाई संपवून टाकत? बाईचा नवरा मेला म्हना न् व्हा मोकये."

मला राग आला. मी म्हणालो, "मी काट्यावरचा कारकून. रशियाचा बाबा नाही." जोश्यांखेरीज दुसऱ्या कुणाला लिहिता येत नव्हतं, ते परक्या पोथीला हात लावणार नव्हते, आणि मी हलणार नव्हतो. मला वाटलं, बस्स, अक्का सुटली. पोथी अशीच राहील, जन्मभर, आणि तिचं कपाळही.

पण लोकांना ते सोसवेना. पितृपक्ष जवळ आला तशी माणसं अक्काच्या घरी येऊन बसू लागली. आपल्या घरातल्या वाईटाला ही अर्धी पोथी कारण आहे, असं कुणी ना कुणी रोज सांगू लागलं. ज्यांनी नारळ ठेवले तेच आता आमच्यावर डोळे वटारत होते. एका दुपारी अंगण भरलं. जोशी होते, दीर होता, मीही होतो. सगळे माझ्याकडे बघत होते. मी नाही म्हणून मान हलवली. तेवढ्यात अक्का उठली, चौरंगापाशी आली आणि कागदांवर हात ठेवून बसली. तिला अक्षर वाचता येत नव्हतं. दिरासमोर तिचा आवाज तोवर कुणी ऐकला नव्हता.

"थाप पडली," ती म्हणाली. "ते उठली. तिनं कडी काढली. तोच होता. दुसरं कोन येते? दाढी वाढेल होती, पायाले फडकं गुंडायेल होतं. तिनं त्याले इचारलं नाई, एवढे दिवस कोठी होता म्हनून. थकेल मानसाले असं इचारत नसतात. ऊन पानी आनलं, पाय धुतले. अंगावरचा कापूस सारा इरघयून गेला. मंग तो जेवला. पोटभर जेवला. जेवून झोपला. ते जागी राह्यली, त्याचा श्वास आयकत." ती थांबली. "झालं. पोथी संपली."

 मग बायका रडायला लागल्या, सुखानं रडतात तशा. जोश्यांनी आरती धरली. गूळ-खोबरं वाटलं. दिराच्या डोळ्यांतही पाणी होतं. त्यानं प्रसाद तोंडात टाकला, आणि मग त्यानं अक्काकडे न बघता जोश्यांना हलक्या आवाजात विचारलं की पळसाची पानं उद्या सकाळी आणलेली चालतील का. पुढे बाजारात मी ही गोष्ट किती तोंडांतून ऐकली. सगळे हाच शेवट सांगत, आणि त्याचं श्रेय त्या दाढीवाल्याला देत. त्याचं नाव वऱ्हाडात झालं ते या चार वाक्यांवर.

लोक गेल्यावर मी अक्काला मागच्या अंगणात गाठलं. "काहून केलं तू असं? तुले समजत होतं ना काय होईन ते."

"समजत होतं," ती म्हणाली. "ते बाई कवाची उभी हाये, कडीले हात लावून. थंडीत. तिचं काय चुकलं? तिचा मानूस आनून देनं माह्या हातात होतं, भाऊ. माहा नाई."

 

दुसऱ्या दिवशी मोर्णेच्या काठी बाहुला केला. पानं, दर्भ, डोक्याच्या जागी नारळ. भाटव्यांचं जुनं पागोटं दिरानं जपून ठेवलेलं, ते गुंडाळलं. अक्काला बायकांनी धरून आणलं, पण धरायची गरज नव्हती. बांगड्या तिनं स्वतः उतरवल्या. कपाळ स्वतः पुसलं. मग बाहुल्याकडे नीट निरखून बघितलं आणि सरळ दिराला विचारलं, "तो तं काल आला न, सगळ्याईच्या देखत. आता तुमी कोनाले जाळून राह्यले?"

दिराच्या हातातली पेटती चूड खाली आली.  शेवटी जोश्यांनीच त्याचा हात धरून पानांना लावला. ओली पानं, धूरच फार झाला. सगळे डोळे चोळत घरी आलो.

सुतकाची चूल बंद. शेजारून पिठलं-भाकर आली होती. घरातले बाकीचे जेवायला बसले नाहीत, पण मला परत जायचं होतं, म्हणून अक्कानं माझं पान मांडलं. मग तिनं माझ्याशेजारी दुसरं पान मांडलं, त्यावर भाकर ठेवली, पिठलं वाढलं, पाण्याचा तांब्या भरून ठेवला, आणि उन्हात लोटलेल्या दाराकडे एकदा बघून माझ्याकडे पाहिलं. तिच्या कपाळावर कुंकवाच्या जागी पांढुरका गोल दिसत होता.  मी थोडा सरकून बसलो, भाटव्यांना जागा व्हावी म्हणून.